साकुरा बघायला जपानला येताय? दोन दिवस चित्रांसाठी ठेवा

फेब्रुवारी संपत आला की टोकियोतल्या आमच्या निशी-कसाईच्या घरी फोन सुरू होतात. पुण्याची मावशी, ठाण्याची वर्गमैत्रीण, त्या वर्गमैत्रिणीची नणंद. साकुरा, म्हणजे इथली चेरी, नक्की कधी फुलणार आणि कुठे बघायचा, हे सगळ्यांनाच विचारायचं असतं. मग मला टूरचा कागद पाठवतात. आठ दिवसांत टोकियो, फुजी, क्योतो, नारा, ओसाका, हिरोशिमा. अख्खा दिवस डिस्नेलँड, अर्धा दिवस खरेदी. बारा वर्षांत असे पंचवीस-तीस कागद तरी वाचले असतील. चित्रांचं संग्रहालय एकाही कागदावर नव्हतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं, म्हणून यंदा प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहिते.

आपल्याकडे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हं असतं. दिवाळीत ते कुणी करत नाही, कारण तो त्याचा काळ नव्हे. इथली जुनी संग्रहालयं चित्रांच्या बाबतीत तसंच वागतात. फेब्रुवारीत उमेच्या, म्हणजे जपानी प्लमच्या, फुलांचं चित्र बाहेर काढतात, मार्चअखेरीला साकुराचं, एप्रिल-मेमध्ये आयरिसचं. बाकीचे दहा-अकरा महिने ते चित्र पेटीत, अंधारात. नोव्हेंबरमध्ये येऊन कितीही विनवलंत तरी कुणी दाखवणार नाही. साकुराची वेळ साधायला एवढा जीव टाकता, तर त्याच दिवसांत भिंतीवर जे फुलतं तेही बघून जा, एवढंच माझं सांगणं आहे.

एकच जागा बघायची असेल तर नेझु संग्रहालय बघा. टोकियोच्या मिनामी-आओयामा भागात आहे, ओमोतेसांदो स्टेशनपासून आठ-दहा मिनिटांची चाल. नेझु काइचिरो या रेल्वेच्या धंद्यातल्या माणसाचा हा संग्रह. त्यांच्या मृत्यूनंतर १९४१ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. आताची इमारत वास्तुकार कुमा केंगो यांची, २००९ ची. दरवर्षी साधारण एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत इथे चित्रकार ओगाता कोरिनचे आयरिसचे पडदे, म्हणजे घडी घालून उभे करायचे चित्रफलक, मांडतात. जपानी भाषेत या फुलाला काकित्सुबाता म्हणतात. सहा-सहा घड्यांचे दोन पडदे, प्रत्येक जवळपास साडेतीन मीटर लांब. सगळीकडे सोन्याचा वर्ख, त्यावर निळी फुलं आणि हिरवी पाती. पाणी नाही, पूल नाही, माणूस नाही, आभाळसुद्धा नाही.

चार वर्षांपूर्वी सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या, तेव्हा त्यांना घेऊन गेले. गुडघ्यांमुळे त्या फार चालत नाहीत. मला वाटलं होतं, दहा मिनिटांत "चल गं, झालं बघून" म्हणतील. त्या समोरच्या बाकावर बसल्या आणि बराच वेळ बोललाच नाहीत. मग मला खूण करून बोलावलं आणि हळूच म्हणाल्या, "अगं, हा झुपका बघ. आणि आता तो पलीकडचा. एकच आहे. ठशाचं काम आहे हे."

मी ते चित्र त्याआधी तीनदा बघितलं होतं. माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण खरंच आहे ते! कोरिनने काही झुपके साच्यावरून पुन्हा वापरलेत, अभ्यासकांनी तसं लिहून ठेवलं आहे. कारण त्याच्या घराण्यात आहे. कोरिन १६५८ साली जन्मला तो क्योतोतल्या कारिगानेया या कापडाच्या पेढीत. राजघराण्यातल्या आणि सरदारांच्या स्त्रियांना किमोनो पुरवणारं घर. वडिलांमागे पेढी बुडाली, याने वाट्याला आलेलं उडवलं आणि पोटासाठी चित्रं काढू लागला. पण लहानपणी डोळ्यांसमोर कापडावरची नक्षीच होती. एकच बुट्टी पुन्हा आली तरी कंटाळा येऊ नये म्हणून ती कुठे वर उचलायची आणि कुठे खाली उतरवायची, हे ज्ञान त्या घरातलं. सासूबाईंनी आयुष्यभर रांगोळीचे छाप वापरलेत, पैठणीचे काठ बोटांनी चाचपून बघितलेत. त्यांना ते पाच मिनिटांत दिसलं. "आम्हाला चित्रातलं काही कळत नाही" असं म्हणून जे लोक संग्रहालय टाळतात, त्यांना मी हा प्रसंग नेहमी सांगते. तुम्हाला कापड कळतं ना? मग पुष्कळ कळतं.

या फुलांमागे एक जुनी गोष्टही आहे. इसे-मोनोगातारी या जुन्या जपानी कथासंग्रहात राजधानी सोडून निघालेला एक माणूस सोबत्यांबरोबर यात्सुहाशी नावाच्या जागी थांबतो. पाणथळीत काकित्सुबाता फुललेले असतात. फुलाच्या नावाचं एकेक अक्षर एकेका ओळीच्या आरंभी येईल असं कवन तो रचतो, मागे राहिलेल्या बायकोच्या आठवणीचं. ऐकून सगळ्यांना रडू फुटतं आणि शिदोरीतला वाळवलेला भात आसवांनी फुगतो. कोरिनने माणूस, पूल, भात सगळं काढून टाकलं आणि नुसती फुलं ठेवली. जपानी माणसाला तेवढं पुरतं. आपल्याला नुसती वीट दाखवली तरी विठोबा आठवतो, तसं.

चित्र बघून झालं की मागच्या बागेत उतरा. उतारावर पायऱ्या आहेत, जपून. खाली तळ्यात खरे काकित्सुबाता असतात, एप्रिलच्या शेवटी ऐन बहरात. प्रदर्शनाची वेळ त्यांच्याच बहराशी जुळवलेली असते. आतल्या दालनांत फोटो काढू देत नाहीत, बागेत चालतात. २००४ च्या पाच हजार येनच्या नोटेच्या पाठीवर याच चित्रातली फुलं आहेत. अजून ती नोट बाजारात दिसते. तुमच्या हाती आली तर एक जपून ठेवा.

आता ही चित्रं एवढी लपवून का ठेवतात, ते. राष्ट्रीय ठेवा ठरलेल्या कलाकृती वर्षात साधारण साठ दिवसांपेक्षा जास्त मांडू नयेत, असा इथल्या सांस्कृतिक खात्याचा दंडक आहे. नाजूक रंगांना त्याहून कमी. उजेडाने रंग मरतो आणि मेलेला रंग परत येत नाही. या काळजीमागे १९५० चा सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा आहे आणि त्या कायद्यामागे एक आग आहे. २६ जानेवारी १९४९ ला नारा भागातल्या होर्यूजी मंदिराच्या मुख्य सभागृहाला आग लागली. बाराशे-साडेबाराशे वर्षांपूर्वीची भित्तिचित्रं जळाली, तीही त्यांच्या नकला काढण्याचं काम चालू असताना. तो दिवस इथे अजून अग्निरक्षणाचा दिवस म्हणून पाळतात, देवळांमधून पाण्याच्या फवाऱ्यांची कवायत होते.

ती भित्तिचित्रं आपल्या अजिंठ्याच्या जवळची मानली जात. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीशेजारी होर्यूजीच्या बोधिसत्त्वाचं छायाचित्र ठेवून बघा, मानेचं ते वळण आणि खाली झुकलेली नजर पाहून जीव गलबलतो. आराई काम्पो नावाचे एक जपानी चित्रकार होते. १९१६ मध्ये रवींद्रनाथ टागोर जपानला आले, तेव्हा त्यांनी काम्पोंना कलकत्त्याला बोलावलं. तिथून काम्पो अजिंठ्याला गेले आणि लेण्यांत बसून चित्रांच्या नकला काढल्या. त्या टोकियोच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात लागलेल्या आगीत जळाल्या. याआधी रॉबर्ट गिल या ब्रिटिश अधिकाऱ्याने काढलेल्या अजिंठ्याच्या नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. मुंबईच्या जे. जे. च्या विद्यार्थ्यांनी ग्रिफिथ्सच्या हाताखाली काढलेल्यांपैकी पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. काम्पो पुढे होर्यूजीच्या नकला काढणाऱ्यांतही होते. १९४५ मध्ये वारले, त्यामुळे ती आग त्यांना बघावी लागली नाही.

आठवीच्या सहलीत मी अजिंठ्याला गेले होते. पहिल्या लेण्यात रखवालदार बॅटरी लावू देईना म्हणून आम्ही मुली चिडलो होतो. आता इथल्या मंद दालनांत उभी राहते, तेव्हा त्या रखवालदाराचे आभार मानावेसे वाटतात.

हे सगळं मनात ठेवून उएनोच्या टोकियो राष्ट्रीय संग्रहालयात जा. १८७२ साली सुरू झालेलं, देशातलं सगळ्यात जुनं. मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत इथे साकुराचा विशेष उपक्रम असतो. मुख्य इमारतीत ठिकठिकाणी साकुराची चित्रं, किमोनो, लाखेच्या पेट्या, आणि मागची बाग फिरायला खुली. बाहेर उएनोच्या बागेत निळ्या ताडपत्र्या अंथरून हजारो माणसं बसलेली असतात, आत शांतता. बहुतेकदा याच दिवसांत कानो नागानोबुचे 'फुलांखालची मौज' दाखवणारे पडदे मांडतात. चारशे वर्षांपूर्वीची माणसं बहरलेल्या झाडांखाली नाचताहेत, खाताहेत. उजव्या पडद्यातले मधले दोन भाग मात्र नाहीत. तेही १९२३ च्या त्याच भूकंपात गेले. नव्याने रंगवून भरले नाहीत, जागा कोरीच ठेवली. मेजवानीच्या ऐन मध्यावर ती कोरी जागा आहे आणि दोन्ही बाजूंची माणसं अजून तिकडे बघताहेत. मला तिच्यासमोरून लवकर हलता येत नाही. अजिंठ्याच्या नकला आणि हे दोन भाग एकाच भूकंपात गेले, हे कळल्यापासून तर जास्तच.

उएनोत पश्चिमी कलेचं राष्ट्रीय संग्रहालयही आहे. चंदीगढ उभारणाऱ्या ल कॉर्ब्युझिएची ती इमारत, १९५९ ची. वास्तुकलेची आवड असेल तर जरूर बघा. पण वसंतात टोकियोत युरोपातून आणलेल्या चित्रांची मोठमोठी प्रदर्शनं भरतात, वर्तमानपत्रं आणि टीव्हीवाले त्यांचा गाजावाजा करतात, रांगा लागतात. माझं स्पष्ट मत आहे की आठ दिवसांसाठी भारतातून आलेल्या माणसाने त्या रांगेत उभं राहू नये. फ्रेंच चित्रकार मोने पॅरिसला भेटेल. नागानोबु भेटणार नाही. टीमलॅब या डिजिटल दिव्यांच्या प्रदर्शनाबद्दल मला नेहमी विचारतात. मुलं बरोबर असतील तर न्या, त्यांना आवडतं. पण ते बारा महिने उघडं असतं, त्याच्यासाठी वसंत खर्ची घालू नका.

निशी-कसाईत कुणाकडे उतरणार असाल तर तोझाई लाइनने थेट ताकेबाशी गाठा. वीस मिनिटंही लागत नाहीत. राजवाड्याच्या खंदकासमोर आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिथेही त्याच दिवसांत वसंतोत्सव असतो आणि कावाइ ग्योकुदोचं 'सरता वसंत' हे १९१६ चं चित्र बाहेर येतं. चिचिबूतल्या नदीवर पाणचक्क्यांच्या होड्या बांधून ठेवल्यात आणि वाऱ्याने पाकळ्या झडताहेत. बहराचं चित्र कुणीही काढेल, ग्योकुदोने झडण्याची वेळ निवडली. संग्रहालयातून बाहेर पडून दहा-पंधरा मिनिटं चाललात की चिदोरिगाफुचीच्या खंदकावर खऱ्या पाकळ्यांचा थर तरंगत असतो. चित्र आधी बघा आणि मग खंदकावर जा. उलट केलं तर गंमत कमी होते, मी दोन्ही करून बघितलं आहे.

हिरोओतलं यामाताने संग्रहालय छोटं आहे आणि फक्त निहोंगा, म्हणजे जपानी पद्धतीच्या खनिज रंगांतल्या चित्रांचं आहे. तिथे ओकुमुरा तोग्यूंचं 'दाइगो' लावलेलं असेल तर चुकवू नका, दाइगोजी मंदिरातला ओथंबलेला साकुरा. आणि हायामी ग्योशूचा 'झडता कॅमेलिया', १९२९ चा. त्यामागचं सोनं वर्खाचं नाही. सोन्याची पूड दाट पेरून तयार केलेली पार्श्वभूमी आहे, त्यामुळे चकाकत नाही, मऊ दिसते. तिथल्या चहाघरात प्रदर्शनातल्या चित्रांवरून बेतलेल्या वागाशी, म्हणजे जपानी मिठाया, मिळतात. आपल्याकडच्या गोडापेक्षा फारच कमी गोड, पण दिसायला अशा की खाववत नाहीत.

फेब्रुवारी-मार्चमध्येच येणार असाल तर आतामी. टोकियोहून शिनकानसेन या बुलेट ट्रेनच्या कोदामा गाडीने पाऊण-एक तास. तिथल्या एमओए संग्रहालयात कोरिनचेच लाल-पांढऱ्या उमेचे पडदे त्या दिवसांत मांडतात. मधून काळ्या पाण्याचा नक्षीदार प्रवाह वाहतो, दोन्ही काठांवर एकेक झाड. क्योतोला जाणाऱ्यांनी वाट वाकडी करून शिगाराकीच्या डोंगरातलं मिहो संग्रहालय बघावं. वास्तुकार आय. एम. पे यांनी ते बहुतांश जमिनीखाली बांधलं आहे. लोंबत्या साकुरांची वाट, मग बोगदा, मग पूल. पोचेपर्यंतच डोळे भरून येतात. नागोयात उतरलात तर तोकुगावा संग्रहालयात सरदारांच्या लेकींच्या हिना, म्हणजे मुलींच्या सणाला मांडायच्या, बाहुल्या असतात, एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत.

व्यवहाराचं थोडं. बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद. सोमवारी सुट्टी आली तर मंगळवारी बंद. तारखा दरवर्षी थोड्या मागेपुढे सरकतात, म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधी संकेतस्थळ बघा, नेझुला वेळ आधी राखून ठेवा. २९ एप्रिल ते ५ मे इथल्या मोठ्या सुट्ट्या, तेव्हा गर्दी उसळते. टिपणं काढायला पेन्सिल न्या, दालनात पेन चालत नाही. आणि एका दिवशी दोनपेक्षा जास्त संग्रहालयं करू नका, पाय बोलायला लागले की डोळे बंद पडतात.

सासूबाई आता प्रवास करत नाहीत. पण दरवर्षी एप्रिलच्या शेवटी साताऱ्याहून फोन येतो, "लागली का गं ती निळी फुलं?" मी तळ्याचा फोटो पाठवते. आतल्या पडद्यांचा काढता येत नाही, हे त्यांना माहीत आहे. तरी दरवेळी विचारतात, "आणि ती आतली?"

"आहेत, आई. तशीच आहेत."