दिल्ली–पुणे विमानाबद्दलच्या आपल्या तक्रारीला उत्तर

नमस्कार दादा,

आपण एक स्टार देऊन लिहिलंय की आम्ही तिकीट काढून देताना आपल्या आई-वडिलांना स्वस्तातल्या विमानात बसवलं. पुण्यात उतरताना विमान सारखं हेलकावे खात होतं, धावपट्टी समोर दिसत असताना नवशिक्या पायलटनं ते पुन्हा वर उचललं, काय चाललंय हे कुणी सांगितलं नाही आणि आपल्या आई, म्हणजे आमच्या काकू, रडायला लागल्या. पैसे परत द्या, असंही आपण म्हटलंय.

काकू घाबरल्या याचं मला खरंच वाईट वाटतं. पहिलाच विमानप्रवास, त्यात असा अनुभव. पण त्या पायलटला नवशिका म्हणणं मला मान्य नाही, आणि हे इथं सगळ्यांसमोर लिहिणं मला गरजेचं वाटतं.

विमान मे महिन्यात भर दुपारी उतरत होतं. वैशाखातली दुपार आपल्या सोलापूरकरांना कुणी शिकवायला नको. माळावर वावटळ उठते ती तापलेल्या जमिनीवरची हवा वर धावते म्हणून. धूळ असते म्हणून वावटळ डोळ्यांना दिसते. असे कितीतरी झोत धुळीविना वर जात असतात, ते दिसत नाहीत. घारी त्यांच्यावरच पंख न हलवता उंच चढतात. दोन झोतांच्या मधे हवा खाली येत असते. उतरणारं विमान हे सगळं एकामागून एक कापत येतं, शिवाय टेकड्या-इमारतींवरून येणारा वारा जमिनीजवळ अस्ताव्यस्त होतो, तो वेगळाच. तिकीट तीन हजारांचं असो की तेरा हजारांचं, हवा तीच असते. पायलटही त्याच डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नियमांखाली, दर सहा महिन्यांनी परीक्षा देणारे. सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, विमान असं पुन्हा वर उचलण्याचा सराव त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतला जातो.

आता विमान वर का उचललं. उतरताना वेग, खाली येण्याचा दर, दिशा, फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या), चाकं हे सगळं ठरलेल्या मर्यादेत बसावं लागतं: ढगाळ हवेत साधारण १,००० फुटांवर, स्वच्छ हवेत अनेक कंपन्यांत ५०० फुटांवर. त्याखाली झोताच्या धक्क्यानं वेग किंवा उंची मर्यादेबाहेर गेली, तर इंजिनाची ताकद वाढवून वर जायचं, फेरी मारून पुन्हा यायचं. यालाच गो-अराउंड म्हणतात. आपल्या विमानात नेमकं काय बिघडलं होतं ते कॅप्टनलाच ठाऊक. पण धावपट्टी दिसत असताना ती सोडायला जी हिंमत लागते, ती त्यानं दाखवली. २२ मे २०१० ला मंगळूरला विमान जास्त उंचीवरून, जास्त वेगानं उतरत होतं. सहवैमानिकानं तीनदा गो-अराउंड करायला सांगितलं, कॅप्टन उतरतच राहिला. विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेलं आणि १५८ माणसं गेली. म्हणून कुणाचं विमान असं वर गेलेलं कळलं की मला त्या पायलटबद्दल आदरच वाटतो.

कुणी सांगितलं नाही, ही तक्रार रास्त आहे, पण त्याचंही कारण आहे. १०,००० फुटांखाली कॉकपिटमध्ये कामाशिवाय बोलायचं नाही असा नियम आहे. त्या क्षणी आधी विमान सावरायचं, मग वाट धरायची, मग कंट्रोल टॉवरशी बोलायचं. प्रवाशांची पाळी शेवटी येते. काकांनीच मला फोनवर सांगितलं की थोड्या वेळानं घोषणा झाली होती, पण ती हिंदी-इंग्रजीत, घाईत. काकूंना ती समजली नसणार.

पंख वाकत होता असं काकू म्हणाल्या. तो वाकायलाच हवा. २०१० मध्ये बोइंग कंपनीनं आपल्या ७८७ या विमानाचा पंख चाचणीत सुमारे २५ फूट वर वाकवून पाहिला, प्रत्यक्ष उड्डाणात येऊ शकणाऱ्या सर्वांत मोठ्या भाराच्या दीडपट भार देऊन. हादऱ्यानं पंख तुटेल ही भीती मनातून काढून टाका. जपायचं असतं ते वादळी ढगाखाली एकदम खाली कोसळणाऱ्या हवेपासून. २ ऑगस्ट १९८५ ला अमेरिकेत डॅलसला उतरणारं विमान त्यात सापडलं आणि १३७ जण गेले. त्यानंतरच अशी हवा आधी ओळखणारी यंत्रणा विमानांत बसवायला सुरुवात झाली. प्रवाशाच्या हाती एकच गोष्ट असते, पट्टा घट्ट बांधून बसणं. काका-काकूंनी तो बांधला होता.

पैसे परत करता येणार नाहीत. विमान सुखरूप पोचलं आणि आम्ही सांगितलेली सेवा पूर्ण दिली. पण दिवाळीत काकूंना बेंगळुरूला लेकीकडे जायचंय आणि आता त्या नको म्हणतात, हे काकांकडून कळलं. सकाळचं पहिलं विमान बघतो, तेव्हा जमीन तापलेली नसते. सीट पंखाजवळची घेतो, तिथं हेलकावे शेपटीपेक्षा कमी लागतात. आमचं सेवाशुल्क घेणार नाही. रविवारी संध्याकाळी घरी येऊन काकूंशी बोलायची माझी तयारी आहे. चालत असेल तर दुकानाच्या नंबरवर कळवा.