टेली-आयसीयू म्हणजे ‘नुसता व्हिडिओ कॉल’ नव्हे

इंदूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या हा मजकूर फिरतोय: “अपघात झाला तर वाटेतल्या छोट्या दवाखान्यात एक मिनिटही घालवू नका. तिथलं टेली-आयसीयू म्हणजे बिल फुगवणारा व्हिडिओ कॉल. लांबचा डॉक्टर हात न लावता काय करणार? काही झालं तर जबाबदार कोणीच नाही. सरळ इंदूर गाठा.” टेली-आयसीयू म्हणजे छोट्या दवाखान्यातल्या गंभीर रुग्णावर लांबच्या तज्ज्ञाने कॅमेऱ्यातून लक्ष ठेवून तिथल्या डॉक्टर-नर्सना सांगत राहणं. सेंधव्याच्या आमच्या आत्यानेही तो मजकूर खरा मानलाय, म्हणून लिहावंच लागतंय.

“एक मिनिटही नाही” हे सगळ्यात घातक. सेंधवा ते इंदूर सुमारे दीडशे किलोमीटर. गाडी मिळेपर्यंतचा वेळ, घाट आणि शहरातली गर्दी धरली तर तीन तास सहज जातात. आणि रक्तस्राव रोखणारं ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड हे औषध अपघातापासून तीन तासांच्या आतच द्यावं लागतं. 2010 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेली क्रॅश-2 चाचणी 40 देशांतल्या 20,000हून अधिक जखमींवर झाली होती. पहिल्या तासात औषध मिळालेल्यांमध्ये रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने घटले. तीन तासांनंतर दिलं तेव्हा ते उलट वाढले. मात्रा सोपी आहे: 500 मिलिग्रॅमच्या दोन अँप्यूल 100 मिली सलाइनमधून 10 मिनिटांत, मग तेवढंच औषध 8 तासांत. घाईने शिरेत ढकललं तर रक्तदाब कोसळतो. एवढ्यासाठी इंदूर लागत नाही.

हात लावायला डॉक्टर आणि नर्स खाटेपाशीच असतात. लांबचा तज्ज्ञ त्यांच्या गडबडीत निसटणारं पाहतो. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घातली की घाबरून अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) मिनिटाला 25-30 वेळा दाबली जाते. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच दुखावलेल्या मेंदूला रक्त कमी पडतं. मोठ्या माणसाला 10-12 वेळा पुरे. कॅमेऱ्यातून हे मोजता येतं. छातीची एकच बाजू हलतेय, व्हेंटिलेटरचा दाब चढतोय, रक्तदाब पडतोय, हेही तिथून दिसतं. मग एक्स-रेसाठी न थांबता सुई घालून छातीत अडकलेली हवा काढायला सांगता येतं. ओटीपोटाचं हाड मोडलं असेल तर चादर बऱ्याचदा चुकून कंबरेला आवळली जाते. ती त्याखाली, मांडीच्या हाडाचा उंचवटा बाजूला हाताला लागतो तिथे हवी.

जबाबदारीचं म्हणणं चूक आहे. 25 मार्च 2020च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेतला तरी उपचारांची जबाबदारी समोरच्या डॉक्टरचीच राहते. बिलात या सेवेचे किती लावलेत, ते सरळ विचारा.

एक मात्र मान्य करावं लागेल. पोटात रक्त साचत असेल तर कॅमेरा पोट उघडू शकत नाही. सर्जन नसलेल्या ठिकाणी सीटी स्कॅनसाठी अर्धा तास घालवणं गुन्हाच आहे. 2024 साली आलेल्या ब्राझीलच्या चाचणीत 30पैकी 15 आयसीयूंमध्ये रोजचे टेली-राउंड (लांबच्या तज्ज्ञाची पडद्यावरून फेरी) घेऊनही रुग्णांचा तिथला मुक्काम कमी झाला नाही. म्हणजे नुसता पडदा टांगून भागत नाही. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट, यूपीएस आणि कॉल तुटला तर लगेच लागणारा फोन नंबर हवा. तोंडी सांगितलेली मात्रा नर्सने परत उच्चारून पक्की करायला हवी.

इंदूरला हलवायचंच असेल तर तज्ज्ञाला पहिला फोन लागताच रुग्णवाहिका मागवावी. ती येईपर्यंत वरचं सगळं उरकतं. सोबतच्या कागदावर अपघाताची वेळ, ट्रानेक्झॅमिक सुरू केल्याची वेळ, डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार, शुद्धीचा जीसीएस आकडा आणि किती सलाइन, किती रक्त दिलं हे लिहिलेलं असावं. इंजेक्शनची वेळ नसेल तर पुढचा डॉक्टर ते पुन्हा देईल किंवा देणारच नाही.