आठवतं का, हा प्रश्न

एप्रिल आला की घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच वाद पेटतो. आधी आंबेडकर जयंतीचा डीजे, मग आवाज, आणि मग हळूच खरी गोष्ट बाहेर येते: ‘किती दिवस तेच जुनं उगाळत बसणार?’ यंदा हे वाचलं तेव्हा मी लंडनमध्ये बर्निंग स्पिअरचा ‘मार्कस गार्वी’ ऐकत होतो. १९७५ सालचा जमैकन रेगे अल्बम. त्यातलं ‘स्लेव्हरी डेज’ एकच प्रश्न घोळवत राहतं, गुलामगिरीचे दिवस आठवतात का? बर्निंग स्पिअरचा गायक विन्स्टन रॉडनी कीर्तनकाराच्या तन्मयतेने तो विचारतो, मागून साथीदार विचारतात.

अल्बमला ज्यांचं नाव आहे ते मार्कस गार्वी म्हणजे काळ्यांच्या हक्कांसाठी लढलेले जमैकन नेते. रॉडनी जमैकातल्या सेंट ॲन्स बेचा, म्हणजे गार्वींच्याच गावचा. जमैकातल्या रास्ताफारी पंथाचे लोक गार्वींना संदेष्टा मानतात. अमेरिकेने त्यांना तुरुंगात घातलं, १९२७ मध्ये हद्दपार केलं. १९४० मध्ये ते इथे लंडनमध्येच वारले. १९६४ मध्ये जमैकाने त्यांचे अवशेष सन्मानाने मायदेशी नेले. तरीही अकरा वर्षांनी रॉडनीला गावं लागलं, की म्हाताऱ्या गार्वींची कुणालाच आठवण नाही. इंग्लंडमध्ये हा अल्बम काढताना आयलंड या रेकॉर्ड कंपनीने गोऱ्या कानांना रुचेल असं त्याचं मिक्सिंग बदललं. रॉडनी चिडला, आणि पुढे त्याने स्वतःचं लेबल काढलं.

इथल्या आमच्या मराठी मंडळींत रेगे लागलं की सगळे डोलतात. आंबेडकरी शाहीर वामनदादा कर्डक लावले की खोली गप्प होते. वामनदादा टाटा-बिर्लांची नावं घेऊन आमचा वाटा कुठं आहे असं विचारतात, आणि ते मराठीत विचारतात. कळलं नाही असं म्हणायची सोय राहत नाही. जमैकाच्या उसाच्या मळ्यात आपल्या आजोबांचं नाव निघत नाही, म्हणून तिथली गुलामगिरी आपल्याला गोड लागते. मला याचा राग येतो. दलित पँथरने १९७३ च्या जाहीरनाम्यातच अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर चळवळीशी नातं सांगितलं होतं, आम्ही मात्र अजून नुसता ठेका घेतो.

आवाजाची तक्रार खरी आहे. जयंती असो की गणपती, दवाखान्याच्या भिंती हादरवणारे स्पीकर नकोतच. त्या दणदणाटात वामनदादांचे शब्द बुडतात, याचं मला जास्त वाईट वाटतं.

मी ग्रुपवर वामनदादांचं गाणं टाकलं. ‘आता हे कशाला?’ काकांनी लिहिलं. मी विचारलं, ‘काका, आपल्या वाड्यामागच्या विहिरीवर कुणाला पाणी भरू देत नव्हते, आठवतं का तुम्हाला?’

दोन निळ्या खुणा दिसतात. उत्तर अजून आलेलं नाही.