पैसे देण्याआधी फोडलेला पुडा

गेल्या आठवड्यात सुपरमार्केटच्या रांगेत माझ्यापुढे एक गृहस्थ उभे होते. त्यांनी बाकीच्या सामानाबरोबर बिस्किटांचा एक रिकामा पुडा काउंटरवर ठेवला आणि फोनवरचे बोलणे न थांबवता, हाही बिलात धरा, अशी खूण केली. पुडा नेमका बारकोडवरच फाटला होता. काउंटरवरच्या मुलीने फाटलेल्या दोन्ही कडा अंगठ्यांनी जुळवून धरल्या, कागद सपाट केला, स्कॅनरसमोर तीनदा फिरवून पाहिला आणि शेवटी बारकोडखालचे तेरा आकडे एकेक करून टाइप केले. पुड्यातला चुरा तिच्या कीबोर्डवर सांडला, तो तिने ओढणीच्या टोकाने झाडला. गृहस्थांनी पूर्ण पैसे दिले आणि ते निघून गेले. त्यांनी चोरी केली नव्हती, कोणाला फसवले नव्हते, दुकानाचा एक पैसाही बुडवला नव्हता. तरीही त्यांचे वागणे मला चुकीचे वाटले, आणि का वाटले ते नीट मांडावे म्हणून हे लिहीत आहे.

या विषयावर कोणाशीही बोलले की पहिले उत्तर ठरलेले असते. "पैसे देणारच आहोत ना, मग आधी खाल्ले काय आणि नंतर खाल्ले काय?" उत्तर वरवर बिनतोड वाटते. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे वस्तू हातात घेतली की ती आपली झाली आणि पैसे देणे हा केवळ उरलेला उपचार आहे. मला हे गृहीतकच मान्य नाही. पैसे देईपर्यंत वस्तू दुकानाची असते, आणि ती दुकानाची असण्यात आपलाच मोठा फायदा आहे, हे आपल्या लक्षात येत नाही.

मुळात हा प्रश्न फार जुना नाही. पूर्वी किराणा दुकानात माल दुकानदाराच्या पाठीमागे असे. गिऱ्हाईक यादी सांगे आणि नोकर एकेक वस्तू काढून, मोजून, बांधून समोर ठेवी. पैसे देण्याआधी माल तोंडात टाकण्याची सोयच नव्हती. 1916 साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी 'पिग्ली विग्ली' हे दुकान काढले आणि गिऱ्हाइकाच्या हाती टोपली देऊन त्याला थेट मांडण्यांपर्यंत सोडले. स्वतः उचला, स्वतः पाहा, शेवटी एकाच जागी पैसे द्या, ही आज सर्वत्र रुळलेली पद्धत तिथून पसरली. म्हणजे उचलणे आणि विकत घेणे यांच्यामध्ये जो वेळ आज आपल्याला मिळतो, तो दुकानदाराने आपल्यावर विश्वास टाकून दिलेला आहे.

या मधल्या वेळात वस्तू कोणाची, हा प्रश्न इंग्लंडमध्ये न्यायालयापर्यंत गेला. बूट्स या औषधविक्रेत्यांनी लंडनजवळच्या एजवेअरमधील आपल्या दुकानात स्वयंसेवेची पद्धत सुरू केली होती, आणि काही औषधांची विक्री नोंदणीकृत औषधतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच झाली पाहिजे असा नियम होता. औषधतज्ज्ञ गल्ल्याजवळ बसत. त्यामुळे विक्री नेमकी कुठे होते, गिऱ्हाईक बाटली उचलते तिथे की गल्ल्यावर, हे ठरवणे भाग पडले. 1953 साली अपील न्यायालयाने निर्णय दिला की विक्री गल्ल्यावर होते. मांडणीवरचा माल हे केवळ निमंत्रण आहे. गिऱ्हाईक तो गल्ल्यावर आणून 'मला हे घ्यायचे आहे' असा प्रस्ताव मांडते, आणि दुकानाने तो स्वीकारला की सौदा पुरा होतो. या निर्णयामागचे एक कारण मला फार महत्त्वाचे वाटते. उचलताक्षणीच सौदा झाला असे मानले, तर एकदा टोपलीत टाकलेली वस्तू गिऱ्हाइकाला परत ठेवता येणार नाही. तिचे पैसे देणे त्याच्यावर बंधनकारक होईल.

मला जे म्हणायचे आहे त्याचे मूळ इथे आहे. दुकानात फिरताना आपण दहा वस्तू उचलतो आणि चार परत ठेवतो. किंमत जास्त वाटली म्हणून, घरी आधीच आहे हे आठवले म्हणून, दुसरी बरी दिसली म्हणून, कधी काही कारण नसतानाही. कोणी जाब विचारत नाही. ही मोकळीक आपल्याला मिळते, कारण तोवर वस्तू आपली झालेली नसते. पुडा फोडला की ही मोकळीक संपते, आणि केवळ आपली नव्हे तर दुकानाचीही संपते. किंमत चुकीची लागली आहे, माल परत मागवलेला आहे, वापरण्याची मुदत उलटून गेली आहे, अशा कारणांनी गल्ल्यावर विक्री थांबवण्याचा दुकानालाही अधिकार असतो. खाऊन झालेल्या वस्तूची विक्री थांबवणार कशी? दोघांनी मिळून करायचा सौदा आपण एकट्याने उरकून टाकलेला असतो आणि गल्ल्यावरच्या माणसापुढे होकार देण्यावाचून काही उरलेले नसते.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. काही वर्षांपूर्वी खरेदी करता करता फार तहान लागली, म्हणून मी मांडणीवरची पाण्याची बाटली उघडली आणि निम्मी प्यायले. काउंटरवर पोहोचले तेव्हा पाकीट घरीच राहिल्याचे समजले. ट्रॉली भरलेली होती. ती बाजूला घेऊन तिथल्या मुलाने सगळे सामान आपापल्या जागी परत नेऊन ठेवले. बाटली मात्र परत जाऊ शकत नव्हती. ती काउंटरवर तशीच उभी राहिली, निम्मी रिकामी. त्या मुलाला वरिष्ठांना बोलवावे लागले, वरिष्ठांनी एका वहीत काही लिहिले आणि मला "राहू द्या, नंतर द्या" म्हणून सांगितले. संध्याकाळी मी पैसे नेऊन दिले. पण त्या पाच मिनिटांत मला जे जाणवले ते असे की माझा हेतू कितीही स्वच्छ असला, तरी तो समोरच्याला दिसत नाही. त्याला दिसते ती फक्त अर्धी बाटली. पैसे द्यायला निघालेला माणूस आणि रिकामे वेष्टन मांडणीमागे दडपून जाणारा माणूस, हे दोघे गल्ल्यापर्यंत अगदी सारखेच दिसतात. त्यांच्यातला फरक ओळखण्याचे अवघड काम आपण अशा कर्मचाऱ्यावर टाकतो, ज्याला गिऱ्हाइकाला दुखवायची मुभा नसते आणि हिशोबात तूट आली तर उत्तर मात्र द्यावे लागते.

वजनावर मिळणाऱ्या मालाचा प्रश्न तर आणखी सरळ आहे. बंद पुड्याची किंमत त्याच्या वेष्टनावर उरते. सुटी द्राक्षे पोटात गेली की त्यांचे वजन कोणत्याही काट्यावर येत नाही. घड उचलायचा, रांगेत उभे राहून त्यातली दहाबारा द्राक्षे खायची आणि उरलेला घड काट्यावर ठेवायचा, याला पैसे आधी की नंतर असा वादच लागू होत नाही, कारण त्या दहाबारांचे पैसे दिलेच जात नाहीत. "एवढ्याने काय होते?" असे विचारणाऱ्यांनी इतकेच पाहावे की त्याच ढिगासमोरून दिवसभरात किती माणसे जातात.

यावर चव पाहण्याचा मुद्दा निघतो, आणि तो मला पूर्णपणे अमान्य नाही. आंबट निघाले तर किलोभर कशाला घ्यायचे? पण मराठीत 'वानगी' असा एक नेमका शब्द आहे. वानगी म्हणजे विकणाऱ्याने मालाची ओळख पटावी म्हणून दाखवलेला नमुना. तो त्याने द्यायचा असतो. "एक चाखून पाहू का?" हे विचारायला दोन क्षण लागतात, आणि माझा अनुभव असा की विचारल्यावर सहसा कोणी नाही म्हणत नाही, उलट पुढच्या पेटीतले ताजे काढून देतात. न विचारता घेतलेले तेच एक द्राक्ष वानगी राहत नाही. शिवाय ते धुतलेले नसते आणि आपला हात नुकताच ट्रॉलीच्या दांडीवरून आलेला असतो, हेही विसरू नये.

उपाहारगृहाचे उदाहरण नेहमी पुढे केले जाते. तिथे आधी खातो, मग पैसे देतो, मग इथेच काय बिघडले? तिथे बिघडत नाही, कारण आपण आधी सांगितलेले असते आणि त्यांनी आणून दिलेले असते. दोन्ही बाजूंचा होकार ताट येण्याआधीच झालेला असतो.

रडणाऱ्या लहान मुलाची गोष्ट वेगळी मानावी असे पुष्कळांना वाटते. मूल भुकेने कासावीस झाले असेल आणि रांग लांब असेल, तर आईने काय करावे? मी तिला दोष देणार नाही. पण तिच्याजवळही एक सोपा मार्ग आहे. रांगेतल्या पुढच्या माणसाला विनंती करून एवढा एकच पुडा आधी बिलात घालून घेता येतो. असे विचारणाऱ्या आईला वाट न देणारी रांग मी अजून पाहिलेली नाही. आणि मुलालाही दिसते की पुडा फोडण्याआधी आई कोणाला तरी काहीतरी विचारते.

खरा अपवाद मी एकच मानते, तो जिवाचा. माझी आई मधुमेही आहे आणि इन्सुलिन घेते. एकदा दुकानातच तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे अडखळू लागले. रक्तातली साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली घसरली की चटकन पंधरा ग्रॅम साखर पोटात जावी लागते आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे लागते, हे आम्हाला डॉक्टरांनी पाठ करून घेतले होते. मी समोरच्या मांडणीवरची फळांच्या रसाची बाटली उघडून तिच्या तोंडाला लावली. अशा वेळी गल्ला शोधत बसणे हा वेडेपणा ठरला असता. मात्र दुसऱ्या हाताने मी जवळच्या कर्मचाऱ्याला बोलावले आणि म्हटले, "दादा, आईची साखर उतरली आहे, ही बाटली फोडली आहे, बिल मागाहून करते." त्याने स्टूल आणून दिले. पुढची पंधरा मिनिटे तो आमच्याजवळच उभा राहिला, आणि मला कुठेही चोरट्यासारखे वाटले नाही.

परवा पुन्हा तशीच तहान लागली. मी बाटली घेऊन आधी काउंटरवर गेले आणि विचारले, "ताई, एवढ्या एकाचे पैसे आत्ता घ्याल का? बाकीची खरेदी अजून व्हायची आहे." तिने बाटली स्कॅन केली, पैसे घेतले, बिलाची चिठ्ठी तिच्याभोवती गुंडाळून रबर लावले आणि म्हणाली, "आता प्या निवांत."