‘दारुड्यावर सरकारी पैसा कशाला?’ या मेसेजला उत्तर

वाडीच्या आणि मंडळांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: ज्याने हौसेने प्यायली त्याच्या उपचाराचा भार करदात्यावर का? मनात आणलं की दारू सुटते. केंद्रात जाऊन आलेले पुन्हा पितातच. खरा उपाय दारूबंदी. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात व्यसनमुक्तीची सोय मागणाऱ्यांच्या तोंडावर तो फेकला जातो, म्हणून हे उत्तर.

करदात्याचं आधी. दारूवरच्या उत्पादन शुल्कातून राज्याच्या तिजोरीत वर्षाला २०,००० कोटींहून जास्त रुपये येतात. ते पिणाऱ्याच्या खिशातून, बहुतेक वेळा त्याच्या बायकापोरांच्या तोंडचे, गेलेले असतात. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकार आजारांत धरले आहेत. सरकारी सेवेत त्यावर उपचार मिळणं हा हक्क आहे, उपकार नव्हे.

‘मनात आणलं की सुटते’ हे वाक्य मात्र जिवावर बेतणारं आहे. वर्षानुवर्षं सकाळपासून पिणाऱ्याने एकदम बंद केली की काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतर काहींना भास होतात, घरची माणसंही ओळखू येत नाहीत. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो. आपल्याकडे अशाला ‘बाहेरचं’ झालं म्हणून आधी देवऋष्याकडे नेतात आणि मोलाचे तास जातात. खोल समुद्रात गेलेल्या नौकेवर खलाशाला फिट आली तर तांडेलाने काय करायचं? यावरचे उपचार महागडे नाहीत: थोडे दिवस नेमक्या गोळ्या, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आणि डॉक्टर-नर्सची नजर. बऱ्याच रुग्णांना हे ग्रामीण रुग्णालयातही देता येईल. त्यासाठी प्रशिक्षित माणूस आणि न संपणारा औषधसाठा हवा. पैसा मागतोय तो यासाठी.

पुन्हा पितात, हे खरं आहे. बीपीची गोळी सोडल्यावर बीपीही चढतं, म्हणून कुणी बीपीची ओपीडी बंद करा म्हणत नाही. माणूस लांबच्या केंद्रातून घरी येतो तो त्याच जेटीवर, त्याच शिमग्यात, आणि त्यानंतर विचारपूस करणारं कुणी नसतं. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, पण सिंधुदुर्गातल्या दोडामार्गच्या मजुराने रोजी बुडवून तिथे किती वेळा जायचं? शेजारच्या गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी, पूर्ण आहारी न गेलेल्या पण पिण्याने नुकसान होणाऱ्या पुरुषांशी मोजक्या भेटींत काम केलं. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: तीन महिन्यांनी यांतले सुमारे ३६ टक्के त्या धोक्याच्या पिण्यातून बाहेर होते, नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत सुमारे २६ टक्के. जवळ, लवकर, साध्या माणसांकडून झालेलं हे काम आहे.

आणि उपचार फसतात म्हणायला ते मिळाले तर पाहिजेत. दिल्लीच्या एम्सने केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलातरी उपचार मिळाल्याचं आढळलं.

राहिली दारूबंदी. आडव्या बाटलीसाठी लढणाऱ्या बायांबद्दल मला आदर आहे. पण सिंधुदुर्गाला गोव्याची हद्द लागून आहे आणि हातभट्टी परवाना विचारत नाही. शिवाय दुकान बंद झालं त्याच रात्री रोज पिणाऱ्याचे हात थरथरायला लागतील, तेव्हा तालुक्याला खाट लागेलच. तोवर घरात कुणी अडकलेलं असेल तर १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो.