गर्दी वाढवली की शोध लागतात म्हणे!

"शहराची लोकसंख्या दुप्पट झाली की माणसाचं डोकं 15 टक्के जास्त चालतं, अमेरिकन शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. जितकी दाटी तितके शोध. खेड्यात आजवर एकही शोध लागलेला नाही. मुलांचं भलं हवं असेल तर गाव सोडा." हा मेसेज बरेच दिवस फिरतोय आणि मी सोडून देत होतो. आता आमच्या दाजींनी तो मनावर घेतलाय. भाच्याला तालुक्याच्या कॉलेजातून काढून पुण्याला धाडायचं ठरवलंय आणि त्यासाठी अर्धा एकर विकायला काढलाय.

आधी ते 'सिद्ध केलंय' बघू. मूळ पेपर (शोधनिबंध) 2007 चा, शहरांचा अभ्यास करणाऱ्या बेटनकोर्ट, जेफ्री वेस्ट आणि सहकाऱ्यांचा. अमेरिकेत एक महानगर दुसऱ्याच्या दुप्पट मोठं असेल तर तिथली पेटंटं दुप्पट नव्हे, सुमारे 2.4 पट दिसतात. हे खरं आहे, नाकारता येत नाही. पण डोकं कुणाचंच मोजलेलं नाही. आणि त्याच तक्त्यात एड्सचे नवे रुग्णही आहेत: सुमारे 2.3 पट. गंभीर गुन्हेही दुपटीहून जास्त. मेसेज लिहिणाऱ्याला पेटंटांची ओळ दिसली, खालच्या ओळी दिसल्या नाहीत. का बरं?

आणि त्या तक्त्यात दाटी नव्हे, मोजलीय ती लोकसंख्या. अमेरिकेतली संगणक-कंपन्यांची सिलिकॉन व्हॅली बघा: बैठी घरं, पुढे अंगण, दूध आणायलाही मोटार काढावी लागते. दाटीनंच शोध लागत असते तर विरार लोकलच्या दारात रोज एक पेटंट निघालं असतं.

आता 'खेड्यात एकही शोध नाही'. डोकं फिरतं ते इथे.

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातलं नांदेड गाव. दादाजी खोब्रागडे, जेमतेम शिकलेले, जमीन दीड एकराच्या आसपास. 1983 मध्ये त्यांना धानात तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, बी जपलं, वर्षानुवर्षं वेगळं पेरून निवडत गेले. दाणा बारीक, उतारा चांगला, भाताला चव. व्यापाऱ्यांनी त्या काळच्या लाडक्या घड्याळाचं नाव देऊन टाकलं, एचएमटी. आज मेसेज पाठवणाऱ्यांपैकी कितीजण तोच भात जेवून उठले असतील!

आणि हा शोध पेटंटांच्या यादीत दिसणारच नाही. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम 3 नुसार वनस्पती, बियाणं आणि शेतीच्या पद्धती यांना पेटंट मिळतच नाही. वाणांची नोंदणी वेगळ्या कायद्याखाली, तीही 2001 नंतरची. म्हणजे मोजपट्टीच अशी घ्यायची की शेतकऱ्याचं काम तिच्यात मावू नये, आणि मग म्हणायचं खेड्यात काही होत नाही. फलटणच्या निंबकर शेती संशोधन संस्थेनं सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचं जुळी देणारं जनुक दख्खनी मेंढीत आणलं, तेही मग 'काही नाही'च. खोडदच्या रेडिओ-दुर्बिणी (आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या) नारायणगावाजवळ आहेत त्या शहराचा रेडिओ-गोंगाट टाळायला. अर्थात त्या उभ्या करणारे लोक मुंबई-पुण्याच्या संस्थांतले, हेही सांगायला हवं.

'गाव सोडा' यात अर्धं खरं आहे, मन मारून सांगतो. पुण्याजवळच्या भोसरीच्या कारखान्यांत एखाद्या शाफ्टचा (यंत्रातल्या फिरत्या दांड्याचा) नमुना करायचा तर टर्निंग एका गल्लीत, हीट ट्रीटमेंट दुसरीत, ग्राइंडिंग तिसरीत. चूक झाली तर कुणाकडे जायचं हे चहावाल्यालाही ठाऊक. असा शेजार नवं काही करणाऱ्याला फार उपयोगी पडतो. पण तो शेजार एकाच धंद्यातल्या जाणकारांचा असतो, नुसत्या डोक्यांच्या संख्येचा नव्हे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न (ओतकामाचा नमुना) करणारा, ओतकाम करणारा आणि लेथवाला असेच जवळजवळ सापडतात. 2011 च्या जनगणनेत ते शहर साडेपाच लाखांचं होतं, पुण्याच्या पाचव्या हिश्श्याहून कमी. तिथून कास्टिंग मागवणारे पुण्याचे कारखानदार आधी लोकसंख्या विचारून मग ऑर्डर देत नाहीत.