काळ्या झुरत नव्हता, त्याला ताप होता

'परदेशी जाणाऱ्याने घरचा कुत्रा नातेवाइकांकडे ठेवू नये' असा एक लांबलचक संदेश सध्या आमच्या बेळगाव-खानापूर भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतो आहे. खाली नाव नाही, 'एक प्राणिमित्र' एवढेच लिहिलेले आहे. माझा भाचा दोन वर्षांच्या शिक्षणासाठी जर्मनीला गेला आणि बेळगावात टिळकवाडीतल्या खोलीवर वाढलेला त्याचा कुत्रा काळ्या खानापूर तालुक्यात आमच्या आक्काच्या शेतातल्या घरी आला, त्याच आठवड्यात हा संदेश तिला तिघांनी पाठवला.

त्यातले पहिले म्हणणे असे, की मालक गेल्यावर इमानी कुत्रा पंधरा दिवसांत अन्नपाणी सोडून प्राण सोडतो. पुरावा म्हणून जपानच्या हाचिको या इमानी कुत्र्याचा फोटो जोडला आहे. फोटो जोडणाऱ्याने निदान त्याची गोष्ट तरी वाचायची होती. हाचिकोचा मालक १९२५ साली वारला आणि हाचिको १९३५ पर्यंत जगला. टोकियोच्या शिबुया स्टेशनावर तो मालकाची वाट पाहत असे हे खरे, पण लोक देतील ते खातही असे.

दुसरा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 'कुत्रा खाईनासा झाला तर ती आठवण समजावी, डॉक्टरकडे नेऊन त्याला आणखी घाबरवू नये, मालकाचा जुना शर्ट अंथरावा,' असे त्यात सांगितले आहे. यात अर्धे खरे आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. नव्या घरी कुत्रा दोन-चार दिवस कमी खातो, दाराशी बसून राहतो, आणि ओळखीच्या वासाने त्याला धीर येतो. काळ्यानेही सुरुवातीला तसेच केले आणि पाचव्या दिवसापासून तो भाकरी-दूध नीट खाऊ लागला. बाराव्या दिवशी तो पुन्हा खाईनासा झाला, तेव्हा आक्काने संदेशाप्रमाणे शर्ट अंथरला आणि चार दिवस वाट पाहिली. मी गेलो तेव्हा त्याचा ओठ वर करून पाहिला, तर एरवी गुलाबी असणारी हिरडी चुन्यासारखी पांढरी पडली होती, आणि कानाच्या आत व पंजाच्या बोटांमध्ये तुरीच्या दाण्याएवढे फुगलेले गोचीड चिकटलेले होते. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात रक्त तपासल्यावर गोचिडाचा ताप निघाला. शहरातल्या फरशीवर वाढलेला कुत्रा गोठ्यापाशी राहायला आला की हा धोका वाढतो. शिवाय गोचीड चावल्यापासून साधारण एक ते तीन आठवड्यांत लक्षणे दिसू लागतात, म्हणजे नेमके त्याच दिवसांत, ज्या दिवसांत घरचे लोक 'झुरतोय बिचारा' म्हणत असतात. वेळेवर औषध मिळाले तर कुत्रा बहुधा बरा होतो, पण वाट पाहत बसण्यात रक्त कमी होत जाते. 'म्या म्हटलं, पोराची आठवण काढतंय,' असे आक्का तीन वेळा म्हणाली आणि तिला काही बोलायला माझी जीभ उचलली नाही.

तिसरा मुद्दा, सहा महिन्यांत कुत्रा मालकाला विसरतो. पहिल्या मुद्द्यात मालकासाठी प्राण देणारा कुत्रा तिसऱ्यात त्याला विसरतो कसा, हे प्राणिमित्रालाच ठाऊक! चार्ल्स डार्विनने १८७१ सालच्या आपल्या ग्रंथात स्वतःच्या कुत्र्याचा अनुभव लिहून ठेवला आहे. बीगल जहाजावरच्या प्रवासाला गेलेला डार्विन १८३६ साली घरी परतला. परक्या माणसांवर धावून जाणारा त्याचा कुत्रा त्याला पाच वर्षे दोन दिवसांनी भेटत होता. डार्विनने तबेल्याजवळ जाऊन नेहमीसारखी हाक मारली. कुत्र्याने आनंदाने उड्या वगैरे मारल्या नाहीत, पण अर्ध्या तासापूर्वीच ताटातूट झाल्यासारखा तो मुकाट त्याच्यामागे फिरायला निघाला. एका कुत्र्यावरून नियम बांधता येत नाही, हे मलाही कळते. परंतु संदेशवाल्याकडे तोही एक नाही.

'घरातच राहणाऱ्या कुत्र्याला लस नको' हा चौथा मुद्दा. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की उपाय जवळजवळ उरत नाही, एवढे सांगून मी तो मुद्दा सोडून देतो. पाचवा, निरोप न घेता गुपचूप निघून जावे असा आहे. गळ्यात पडून रडू नये इतपत तो ठीक आहे. मात्र त्याऐवजी आधीच दोन-तीन वेळा नव्या घरी मुक्कामाला नेऊन आणावे, जे आमच्या भाच्याने व्हिसाच्या धावपळीत केले नाही.

काळ्या आता खातो. ज्या तीन ग्रुपांवर आक्काने तो संदेश पुढे पाठवला होता, तिथे काळ्याच्या हिरडीचा फोटो टाक, असे मी तिला सांगितले. दोन ठिकाणी तिने टाकला. तिसरा भजनी मंडळाचा आहे, तिथे असले फोटो चालत नाहीत म्हणते.